आजी-नातीच्या भेटीत दुभाषी बसू देण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक मॅडम,
अंगण बालभेट केंद्र,
सोलापूर.

अर्जदार : श्रीमती नरसम्मा अंबादास चिट्याल, वय ६८, धंदा विडीकाम, रा. दत्तनगर, सोलापूर.
अर्ज लिहून देणार : झीनत सरफराज शेख, विधी स्वयंसेविका, अर्जदाराची शेजारीण.

विषय : कु. श्रीनिधी श्रीहरी चिट्याल (वय ९) हिच्या मासिक भेटीत तिची आजी व ती यांच्यामध्ये दुभाषी बसू देण्याबाबत, तसेच ‘संवाद नाही’ या कारणावरून भेटी बंद करण्याची शिफारस मागे घेण्याबाबत.

संदर्भ : १) मा. न्यायालयासमोर उभय पक्षांत झालेली तडजोड.
२) भेटीत तेलुगू बोलण्यास परवानगी देणारे आपले पत्र.
३) मागील भेटीचा अहवाल.

महोदया,

१. अर्जदार जन्माने सोलापूरची आहे. हे आधी सांगणे भाग आहे, कारण मागे एका अहवालात तिचा उल्लेख ‘परप्रांतीय वृद्धा’ असा झाला होता. तिच्या सासऱ्यांचे वडील हातमाग विणायला तेलंगणातून इथे आले. अर्जदाराचे माहेरही इथलेच, साखर पेठेतले. नवरा यंत्रमागावर चादरी विणायचा; त्याला जाऊन बरीच वर्षे झाली. ती स्वतः लग्नाआधीपासून विड्या वळते. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, विड्या जमा करायला जावे तिथेही तेलुगूच. मराठी तिच्या वाट्याला आली ती बाजारापुरती. भाजीचा भाव पाडण्याइतकी, रेशनच्या दुकानात भांडण्याइतकी, रिक्षावाल्याला वळण सांगण्याइतकी मराठी तिला फर्डी येते. मायेची मराठी मात्र तिला कधी लागलीच नाही, कारण माया करायची माणसे सगळी तेलुगू होती.

२. अर्जदारास श्रीहरी नावाचा एकुलता एक मुलगा होता. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तो कापड कापायचा. त्याच कारखान्यात शिलाईला असलेल्या माढ्याकडच्या वैजयंतीशी त्याने स्वतःच्या मनाने लग्न केले. अर्जदाराने त्यात काही खळखळ केली नाही. सून घरात आली तेव्हा तिला तेलुगू येत नव्हते आणि सासूला तिच्याशी बोलण्याजोगी मराठी येत नव्हती. श्रीहरी दोघींच्या मध्ये बसून जेवायचा आणि इकडचे तिकडे, तिकडचे इकडे करायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, या घरात सासू-सुनेचे भांडण होणे शक्यच नाही, भांडायला भाषाच नाही. आणि खरोखरच कधी झाले नाही.

३. पुढे श्रीनिधी झाली. नवरा-बायको दोघे कामावर, त्यामुळे पोर वाढली ती अर्जदाराच्या मांडीला मांडी लावून, तंबाखूच्या वासात. घरी तिचे नाव बुज्जी, आणि आजीला ती म्हणायची ‘अव्वा’. तिचे पहिले बोल तेलुगू. भूक, ऊन, मुंगी, चंद्र, राग, सगळे आधी तेलुगूत कळले. आईशी मात्र ती मराठीच बोलायची. हे तिला कुणी शिकवले नाही. अर्जदार तिला एक गोष्ट सांगायची. एका विणकराच्या शेळीने सुताची लडी गिळली आणि तिच्या तोंडातून दोरा निघतच राहिला, गावभर. ही गोष्ट कुठल्या पुस्तकातली नाही. हात विड्यांत गुंतलेला असताना पोराला एका जागी बसवायला अर्जदाराने ती रचली आणि रोज थोडी लांबवली. शेळी कधी पोलीस चौकीत जाई, कधी थेटरात. तेलुगू घरात गोष्ट ऐकणाऱ्याने मधून मधून ‘ऊँ’ म्हणायचे असते. ‘ऊँ’ आला नाही की पोर झोपले असे समजायचे.

४. श्रीनिधीला पाचवे लागण्याच्या आधी श्रीहरी गेला. कामावरून परतताना अक्कलकोट रोडवर मागून ट्रकने धडक दिली. त्यानंतर त्या घरात काय झाले ते अर्ज लिहून देणारीने डोळ्यांनी पाहिले आहे. दोन बायका एकाच खोलीत, एकाच माणसासाठी रडत होत्या आणि एकमेकींना धीर देणारे एक वाक्यही त्यांना बोलता येत नव्हते. सासू तेलुगूत आक्रोश करायची, सून मराठीत. अर्जदाराने सुनेच्या पाठीवर हात ठेवला, तोंडाने म्हणाली, “येडवकु तल्ली.” रडू नकोस माय, इतकाच त्याचा अर्थ. सुनेला तो कळला की नाही, हे आजतागायत अर्जदारास माहीत नाही.

५. दिवसकार्य झाल्यावर सुनेचे भाऊ इंद्रजीत माढ्याहून आले आणि महिनाभरासाठी म्हणून बहिणीला व भाचीला घेऊन गेले. महिन्याचे पुढे काहीच ठरले नाही. अर्जदार फोन करायची, पण पलीकडे फोन सगळ्यांसमोर मोठ्या आवाजावर ठेवलेला असायचा. पोर आजीशी तेलुगूत बोलू लागली की मागून इंद्रजीत म्हणायचे, “आमाला कळंल असं बोला की. काय कानात भरवताय पोरीच्या?” त्यांच्या या संशयालाही कारण होते, ते लपवण्यात अर्थ नाही. अर्जदाराचा एक पुतण्या रागाच्या भरात फोनवर म्हणून गेला होता, “पोरगी आमच्या घरची हाय, एकदा आली की परत जाणार न्हाय.” त्या एका वाक्याने दार बंद झाले. फोन उचलणे थांबले. अर्जदार कोर्टात गेली ती मुलगी मागायला नव्हे, नुसती भेटायला. तडजोड झाली. महिन्यातून एक शनिवार, एक तास, आपल्या केंद्रात, समुपदेशकासमोर. आणि एक अट : संभाषण उपस्थित समुपदेशकास समजेल अशा भाषेत असावे. अट वाचून दाखवली तेव्हा अर्जदाराने मान हलवली. त्या वेळी तिला फक्त ‘भेट’ हा शब्द ऐकू आला होता.

६. पहिल्या भेटीला श्रीनिधी दारातूनच “अव्वा” म्हणत धावत आली, मांडीवर चढली आणि तेलुगूत सुटली. माढ्याच्या घरी मांजर व्याले, मामाने ट्रॅक्टरवर बसवले, एक दात पडला तो छपरावर टाकला, अव्वा तू एवढे दिवस कुठे होतीस. तेव्हाच्या समुपदेशक बाई वाईट नव्हत्या. त्या हसूनच म्हणाल्या, “बाळ, मराठीत बोला हं. मलापण कळू दे.” मुलीने आजीच्या तोंडाकडे पाहिले. आजीने आपला हात आपल्याच ओठांवर ठेवला, म्हणजे पोरीला वाटावे की गप्प बसायला आजीला सांगितले आहे, तिला नव्हे. मग अर्जदाराने जमेल तशी सुरुवात केली.

“जेवली का?”

“व्हय.”

“शाळा बरं हाय?”

“व्हय.”

“मामा मारतंय का?”

“न्हाय.”

इथे अर्जदाराची मराठी संपली. उरलेला सगळा वेळ ती नातीचे केस विंचरत बसली. अहवालात तिसऱ्या प्रश्नाची नोंद ‘मामाविरुद्ध माहिती काढण्याचा प्रयत्न’ अशी झाली.

७. त्यापुढच्या भेटी अशाच गेल्या. एकदा पोर आजीच्या कानाशी लागून तेलुगूत काहीतरी म्हणाली. ‘कुजबुज’ या शेऱ्याखाली भेट लवकर संपवण्यात आली. पोर म्हणाली होती की तिला आजीच्या हातचा आमटीभात खायचा आहे. एकदा मुलीला ताप होता, म्हणून आजीने तिचे डोके मांडीवर घेतले आणि तोंडातल्या तोंडात सूर धरला. शब्द नव्हतेच, अंगाई म्हणताना आधी लावतात तो नुसता सूर. ‘अनाकलनीय गुणगुणणे, समज दिली’ असे लिहिले गेले. अर्जदाराने अर्ज केला की तेलुगू बोलू द्यावे. उत्तर आले, तशी तरतूद नाही. दुसरा अर्ज केला की तेलुगू कळणारा एखादा कर्मचारी बसवावा. उत्तर आले, तसा कर्मचारी उपलब्ध नाही. महोदया, आपल्या फाटकात उभे राहून तेलुगूत हाक मारली तर दहा घरांतून ‘ओ’ येईल, अशा वस्तीत हे केंद्र आहे. अर्ज लिहून देणारीचे लहानपण आईसोबत विडी कामगार बायकांत गेले. तिला तेलुगू घरच्या दख्खनीइतकीच येते. ती बसायला तयार होती. परंतु ती अर्जदाराच्या ओळखीची पडते म्हणून ते नाकारण्यात आले.

८. शेवटी अर्जदाराने ठरवले, आपणच मराठी शिकायची. साठी उलटलेल्या बाईने. विड्या वळता वळता ती झीनतला विचारायची, “पोरीला आम्ही ‘बंगारू’ म्हणतो, त्याला तुमच्या मराठीत काय?” झीनतने सांगितले, मराठी काही माझ्याही घरची नाही, पण ‘माझं सोनं’ म्हणतात. मग समोरच्या सुपातल्या पानांकडे बघून अर्जदार दिवसभर घोकायची, “माजं सोनं, माजं सोनं.” पुढच्या भेटीला ते म्हणाली तेव्हा पोर खदखदून हसली. “अव्वा, तू कसलं गमतीचं बोलतीस!” पोर हसली म्हणून अर्जदार पुढेही मुद्दाम तसेच म्हणत राहिली. शेळीची गोष्ट मराठीतून सांगून पाहण्याचाही तिने एकदा प्रयत्न केला. शेळी म्हणजे शेळी, दोरा म्हणजे दोरा, इथपर्यंत जमले. पण शेळी दोरा गिळल्यावर कशी लाजते, इन्स्पेक्टरसमोर खोटे कसे बोलते, हे मराठीत आणता येईना. गोष्टीत नुसती शेळी उरली आणि नुसता दोरा. पोर खिडकीबाहेर पाहू लागली.

९. याच सुमारास केंद्राच्या व्हरांड्यात सून वैजयंती झीनतजवळ येऊन बसली. भेटीच्या वेळी तिला आत जाता येत नाही, ती बाहेरच थांबते. तिने आपण होऊन जे सांगितले ते तिच्या परवानगीने इथे लिहिले आहे.

“ताई, तुमाला वाटत आसंल मी लई दुष्ट हाय म्हणून. खरं सांगू का, माढ्याला गेल्यावर ही झोपंत तेलगूत बोलायची. डिट्टो ह्यांच्यासारखं. त्योच हेल, त्येच शब्द. मी जागी व्हायचे, मला वाटायचं हेच बोलत्यात. आन् काय बोलत्यात ते मला कळायचं न्हाय. मला सोसंना, ताई. म्हणून म्या तिला म्हणलं, आपण आता मराठीच बोलायचं. पोर गुणाची हाय. तिनं ऐकलं.”

घरी येऊन झीनतने ते अर्जदारास तेलुगूत सांगितले. अर्जदाराने हातातल्या विडीला दोरा गुंडाळून पुरा केला. मग म्हणाली, तिचे बरोबर आहे. आपल्याला रडायला त्याचा आवाज तरी पोरीच्या तोंडून हवा आहे, तिला तोच नको आहे. दोघीही त्यालाच रडतोय.

१०. गेल्या वर्षी आपण या केंद्रात रुजू झालात. अर्जदाराच्या जुन्या अर्जांचा गठ्ठा आपण काढून वाचलात, तिला बोलावून पाणी विचारलेत, आणि पहिल्या महिन्यातच भेटीत तेलुगू बोलण्यास परवानगी दिलीत. हे उपकार अर्जदार विसरणार नाही. पण त्याच्या थोडे आधीपासून श्रीनिधीची कावीळ, मग परीक्षा, मग गावाकडची लग्नसराई, अशा कारणांनी भेटी हुकतच राहिल्या. त्यामुळे परवानगीनंतरची पहिली भेट मागच्या महिन्यात झाली. अर्जदाराने तांदळाच्या पिठाची, चकलीसारखी सकिनालू केली, जी एरवी ती संक्रांतीलाच करते. ठेवणीतले इरकल नेसली. रिक्षात ती झीनतला सांगत होती, आधी शेळीची गोष्ट पुरी करायची, मग श्रीहरी लहान असताना मागाखाली लपून बसायचा ते सांगायचे, मग तो पहिल्यांदा पोरीच्या आईबद्दल घरी बोलला तो दिवस सांगायचा. बापाबद्दल पोरीला काही ठाऊक नाही, सगळे माझ्याजवळ पडून आहे.

११. श्रीनिधी आत आली. ती आता चौथीत आहे, उंच झाली आहे, दोन वेण्या घालते. अर्जदाराने तिला जवळ बसवले आणि कित्येक वर्षे तुंबलेले पाणी सुटावे तशी ती बोलू लागली. मधे श्वास घेईना. शेळी झाली, माग झाला, श्रीहरी पहिल्या पगारातून आईला चप्पल घेऊन आला आणि दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या तेही झाले. सांगताना ती हसत होती, डोळे पुसत होती. पोर तिच्या तोंडाकडे बघत मान हलवत होती, मधून “हं” म्हणत होती. अर्जदाराला वाटले, हा ‘ऊँ’ आहे. तिला आणखी चेव आला. दारापाशी झीनत उभी होती, आपणही होतात. आपल्याला आठवत असेल, मुलगी हळूच मागे वळली आणि आपल्याला म्हणाली,

“मॅडम, आजी काय म्हणतीय?”

१२. महोदया, आपल्याला वाटले असेल की हे वाक्य मराठीत असल्याने अर्जदारास समजले नसावे. तेवढी मराठी तिला आता येते. त्यातला ‘आजी’ हा शब्दही तिला समजला. अव्वा म्हणायची ती पोर आजी म्हणाली होती. अर्जदार जिथल्या तिथे थांबली. वाक्य अर्धे होते, ते तिने गिळले. पोर मनाने भली आहे. स्वतःच्या बोलण्याने काहीतरी मोडले हे तिच्या लक्षात आले असावे. ती घाईने म्हणाली, “मला थोडं थोडं येतं, थांब,” आणि बोटे धरून मोजू लागली, “ओकटी, रेंडु, मूडु...” पुढचा आकडा तिला आठवेना. ती ओशाळून हसली. अर्जदाराने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि सकिनालूचा डबा पुढे केला. राहिलेला वेळ दोघी खात बसल्या. निघताना अर्जदार म्हणाली, “माजं सोनं.” या वेळी पोर हसली नाही. म्हणाली, “येते आजी.”

१३. त्या भेटीचा अहवाल समुपदेशकांनी लिहिला तो असा : ‘भाषेची अट शिथिल करूनही आजी व नात यांच्यात संवाद आढळला नाही. भेटीतून मुलीला लाभ होत असल्याचे दिसत नाही. भेटी बंद करण्याबाबत विचार व्हावा.’ अहवाल खोटा आहे असे अर्जदाराचे म्हणणे नाही. संवाद झाला नाही हे खरेच आहे. तो बंद कसा पडला हे मात्र अहवालात नाही. आधी कायद्याने बोलू दिले नाही, तेव्हा पोरीला तेलुगू येत होते. आता बोलू दिले, तर येत नाही. दोन्ही वेळेला शेरा आजीवरच.

१४. अर्जदाराला मराठी येऊ लागली आहे, मग दुभाषी कशाला, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर तिने झीनतला सांगितले ते असे. मराठीत मी नातीला जेवली का विचारू शकते. पण तिचा बाप कसा होता हे मला मराठीत माहीत नाही. तो तेलुगूत जन्मला, तेलुगूत रुसला, शेवटच्या दिवशी सकाळी दारातून जाताना ‘पोयिवस्ता अम्मा’ म्हणाला, म्हणजे जाऊन येतो. त्याचे मराठी करत बसले तर मला तो दुसऱ्याच कुणाचा मुलगा वाटतो. पोर परत तेलुगू शिकेल अशी आशा मी धरलेली नाही. तिची शाळा आहे, तिचे जग तिकडचे आहे. आमच्या गल्लीतली पोरेसुद्धा आता आपसात मराठी-हिंदी बोलतात, आणि म्हाताऱ्यांनी हाक मारली की “काय?” म्हणून विचारतात. जी घरात राहिली त्यांचे हे, तर जी दूर गेली तिला दोष काय द्यायचा? मला फक्त जे माझ्याजवळ आहे ते तिच्यापर्यंत पोचवायचे आहे. कुणाच्याही तोंडून पोचो.

१५. दुभाषी मागतात तो परक्या देशातल्या माणसासाठी, हे अर्ज लिहून देणारीस ठाऊक आहे. एका शहरात जन्मलेली आजी आणि त्याच शहरात जन्मलेली तिची नात यांच्यामध्ये दुभाषी बसवावा, असा अर्ज लिहिताना तिचा हात अनेकदा थांबला. पण दुसरा मार्ग दिसत नाही. या मागणीस सून वैजयंती हिचीही संमती आहे. झीनतने फोन करून विचारले. ती म्हणाली, “बसवा की, ताई. ह्यांच्या लहानपणचं सांगत आसतील तर मला बी ऐकायचं हाय. मला आत यायची परवानगी नसंल तर ऱ्हाऊ द्या. दार तेवढं उघडं ठेवा म्हणावं.”

१६. सबब अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे आहे.

(अ) यापुढील भेटींत तेलुगू व मराठी दोन्ही जाणणारा दुभाषी बसू द्यावा. झीनत शेख चालत नसल्यास केंद्राने आपल्या पसंतीचा कोणीही नेमावा. पुरुष चालेल, बाई चालेल. फक्त त्याने गोष्ट घाईने सांगू नये.

(ब) भेटीच्या खोलीचे दार उघडे ठेवू द्यावे आणि सुनेस उंबऱ्याशी बसू द्यावे.

(क) वरील दोन्ही अमान्य झाल्यास निदान भेटी बंद करू नयेत. अर्जदार काही बोलणार नाही, तेलुगू नाही आणि मराठीही नाही. मुलीने अभ्यासाची वही आणावी, ती लिहावी, अर्जदार शेजारी बसेल. त्या दिवशीच्या अहवालात ‘संवाद झाला नाही’ असे न लिहिता ‘दोघी बसल्या होत्या’ एवढेच लिहावे.

अर्जदाराचे वय झाले आहे. तिला खोकला आहे, तंबाखूचा आहे, तो जाणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे. ही गोष्ट दया यावी म्हणून लिहिलेली नाही. पुढचा शनिवार फार लांबणीवर पडू नये, इतक्यासाठीच लिहिली आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

नरसम्मा अंबादास चिट्याल
(सही तेलुगू लिपीत)

ठिकाण : सोलापूर
दिनांक : ८ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) तडजोडीची प्रत. २) आपल्या परवानगीपत्राची प्रत. ३) मागील अहवालाची प्रत. ४) वैजयंती श्रीहरी चिट्याल यांचे संमतीपत्र.

अर्ज लिहून देणारीचा दाखला : वरील मजकूर मी अर्जदारास वाचून दाखवला व तेलुगूत समजावून दिला. तो बरोबर असल्याचे तिने सांगितले. एकच दुरुस्ती सुचवली. मी कच्च्या अर्जात कोर्टाच्या रिवाजाप्रमाणे वैजयंती यांच्या नावापुढे सगळीकडे ‘जाबदार’ असे लिहिले होते. या शब्दाचा अर्थ काय, असे अर्जदाराने विचारले. ज्याच्याविरुद्ध आपली तक्रार आहे तो, असे मी सांगितले. त्यावर तिने तो शब्द प्रत्येक ठिकाणी खोडून तिथे ‘सून’ असे लिहायला लावले. त्याप्रमाणे अर्ज पुन्हा लिहून काढला आहे.

झीनत सरफराज शेख